कमी ऑक्सिजनचं घर

नागपुरात राहून समुद्राचा अभ्यास करते असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग रस्त्याकडे. जणू सीताबर्डीच्या मागे कुठंतरी किनारा असेल आणि इतकी वर्षं आपल्याच लक्षात आला नसेल. मग विचारतो, "पगार कोण देते?" या प्रश्नाची मी बरीच वर्षं नीट उत्तरं दिली. पाणी जहाजावर भरतात, पेट्या रेल्वेनं इथं येतात, मोजायचं यंत्र आमच्या प्रयोगशाळेत आहे, वगैरे. आता मी नुसतं "देतात" म्हणते आणि विषय बदलते.

माझं काम अरबी समुद्राच्या एका थराशी आहे. वरच्या पाण्यात ऑक्सिजन भरपूर असतो. शे-दीडशे मीटर खाली गेलं की तो संपत येतो, आणि तिथून पुढे जवळजवळ हजार मीटरपर्यंत नावापुरता उरतो. पण तिथंही डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात आणि ऑक्सिजनवाचून भागवतात. पाण्यात विरघळलेलं नायट्रेट ते श्वासासाठी वापरतात, आणि ते एकेक पायरी खाली उतरत जातं. शेवटच्या आधीच्या पायरीवर नायट्रस ऑक्साइड तयार होतो. शेवटच्या पायरीवर तोच वायू हे जीव खाऊन टाकतात आणि साधा नायट्रोजन उरतो, ज्यानं कुणाचं काही बिघडत नाही. नायट्रस ऑक्साइड मात्र वर येऊन हवेत निसटला, तर तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पटींनी जास्त उष्णता धरून ठेवतो आणि वरच्या ओझोनलाही कुरतडतो. तेव्हा समुद्र हा वायू किती करतो, किती खातो आणि बाहेर किती सोडतो, एवढाच माझा प्रश्न. आयुष्य त्यात गेलं, लग्न राहून गेलं, असं नातेवाईक म्हणतात. लग्न राहून गेलं त्याला समुद्र जबाबदार नाही, पण त्याच्यावर ढकललं की मलाही बरं पडतं.

नायट्रस ऑक्साइडला हसवणारा वायू म्हणतात हे माझ्या एका चुलतभावानं मोबाइलवर वाचलं. तेव्हापासून प्रत्येक लग्नात तो मला "आणला का वं थोडासा?" असं विचारतो आणि स्वतःच हसतो. त्याला वायूची गरज पडत नाही.

या विद्येतला पहिला धडा मी दरवर्षी नव्या मुलांना आवाज चढवून शिकवते. एखाद्या थरात वायू थोडाच सापडला आणि महिनोन्महिने तेवढाच राहिला, म्हणजे तिथं काही घडत नाही असं समजू नका. तिथं करणारेही जोरात असतात आणि खाणारेही जोरात. तुमच्या बाटलीत येते ती दोघांच्या ओढाताणीतली शिल्लक. आणि खाणारे फार नाजूक असतात. जरा ऑक्सिजन शिरला की सगळ्यात आधी शेवटची पायरी बंद पडते, आणि वायू साचत जातो. मुलं मान हलवतात, लिहून घेतात आणि परीक्षेत बहुतेक विसरतात.

आमचं घर नंदनवनला. आई जाऊन बरीच वर्षं झाली, घरात बाबा आणि मी. बाबा कळमन्याच्या बाजारात मिरचीचा लिलाव पुकारायचे. लालभडक ढिगांच्या मधोमध उभं राहून बोली चढवत न्यायची, आणि तीही अशी की शेवटच्या ओळीतल्या व्यापाऱ्याच्या कानात बसावी. ठसका लागू नये म्हणून तोंडाला दुपट्टा आणि दुपट्टा काढायला निमित्त हवं म्हणून बिडी, असा त्यांचा दिवसभराचा बंदोबस्त होता. साठीनंतर फुप्फुसांनी हात टेकले. तीन शब्द, दम, पुन्हा तीन शब्द. ज्याच्या आवाजावर बाजार हलायचा त्या माणसाच्या वाट्याला असं बोलणं आलं याचं मला फार वाईट वाटायचं. त्यांना मात्र त्यातही गंमत दिसायची. "आता माह्यं बोलणं... तारेवानी झालं... मुद्द्याचंच," ते म्हणायचे.

मग छातीच्या डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं यंत्र ठेवायला सांगितलं. लहान कूलरएवढं, चाकांवरचं. ते हवेतला ऑक्सिजन वेगळा काढतं आणि नळीनं नाकात सोडतं. पुढच्या बाजूला एक उभी काचेची नळी, तिच्यात तरंगणारी छोटी गोळी आणि खाली बटण. बटण फिरवलं की गोळी वर चढते, म्हणजे ऑक्सिजन वाढतो. डॉक्टर म्हणाले, "गोळी एकावर. बोटावरच्या चिमट्यात ऑक्सिजनचा आकडा नव्वदच्या आसपास राहिला तर पुष्कळ झालं. यांच्या शरीराला कमीची सवय झाली आहे. जास्त द्याल तर श्वास सुस्तावतो आणि बाहेर पडायचा कार्बन डायऑक्साइड आतच साचतो. माणूस झोपाळतो, आणि मग उठत नाही."

जो थर बघायला मी बोटीनं इतक्या लांब जाते तो आमच्या पुढच्या खोलीत पलंगावर येऊन बसला होता. जास्त ऑक्सिजन म्हणजे जास्त घोटाळा, हे समजायला नागपुरात माझ्याइतकी लायक बाई दुसरी नसेल, असं मला वाटलं. आणि लगेच नातेवाईक यायला लागले.

कोरोनात सगळ्यांना एक आकडा पाठ झाला होता, पंच्याण्णव. त्याखाली गेलं की दवाखाना. घरोघरी बोटाला लावायचे चिमटे आले होते आणि ते अजून कपाटात तयार होते. माझा चुलतभाऊ तर आमचा चिमटा खोटं दाखवतो या संशयानं घरून स्वतःचा घेऊन आला. त्यानंही नव्वदच दाखवलं. "नव्वद? अवं, नव्वद म्हणजे तं माणूस चालला!" तो बाबांच्या समोरच म्हणाला. बाबा म्हणाले, "चाललो नाही गा... इथंच बसून आहो."

आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला कुणी रिकाम्या हातानं येत नाही. शहाळं, संत्री, बिस्किटांचा पुडा, काहीतरी असतंच. आणि आजाऱ्यासाठी हातानं काहीतरी केल्याशिवाय कुणाचा पाय निघत नाही. पूर्वी पाय दाबून द्यायचे, उशी सारखी करायचे, पंखा वाढवायचे. यंत्र आल्यापासून सगळ्यांचीच सोय झाली. उठता उठता बटण थोडं फिरवायचं. एकाचं दीड, दीडाचं दोन. प्रेमाला इतकी सोपी जागा आमच्या खानदानात आधी कधी मिळाली नव्हती.

मी समजावून पाहिलं. डॉक्टरांचं सांगून पाहिलं, समुद्राचं सांगून पाहिलं. त्यावर कुणी विचारलं, "काहून वं, लाइटचं बिल येते म्हणून कमी ठेवून राहिली का?" मग मी भांडले. एका काकूंना मी इतकं बोलले की त्या शहाळं परत घेऊन गेल्या. शेवटी प्रयोगशाळेतून चांगली चिवट चिकटपट्टी आणली, बटण एकावर घट्ट चिकटवलं आणि वर लाल शाईनं लिहिलं, "हात लावू नये." लावणाऱ्यांनी वाचावं म्हणून नव्हे, माझ्या समाधानासाठी.

आणि त्याचा उपयोग झाला. संध्याकाळी घरी आले की मी चप्पल काढायच्या आधी गोळी बघायचे. एकावर. दुसऱ्या दिवशीही एकावर. दुपारभर कोण कोण येऊन गेलं ते बशांवरून कळायचं, पण गोळी जागची हललेली नसायची. चिकटपट्टी जिथल्या तिथं. मी बाबांना ऐटीत म्हणायचे, "बघा, धाक असला की होतं की नाही?"

"होते ना," बाबा म्हणायचे.

याच सुमारास मला जहाजावर जागा मिळाली. अशी जागा सहज मिळत नाही. पाणी दुसऱ्यांनी भरायचं आणि पेट्या इथं यायच्या, हे किती वर्षं चालणार? त्या थरातच उभं राहून, म्हणजे त्याच्यावर तरंगत, वायू होताना आणि खाल्ला जाताना वेगवेगळा मोजायचा, हे माझ्या मनात केव्हापासून होतं. पण महिनाभर बाबांना कुणाच्या भरवशावर सोडायचं? मी नाही म्हणणार होते. बाबांनीच ऐकलं नाही. "जाय वं. मी का आजच... मरून राहिलो? बाईले बोलावतो."

बाई म्हणजे त्यांची मोठी बहीण, माझी आत्या. उमरेडकडे खेड्यात राहते, शेती अजून स्वतः बघते, आणि गड्यांना जे सांगते ते एकदाच सांगते. आत्या येणार म्हटल्यावर मला हायसं वाटायला हवं होतं. मला धडकी भरली.

त्याचं कारण आत्याचा नवरा. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत दवाखान्याची गाडी मिळाली नाही, म्हणून ती त्यांना भाड्याच्या गाडीत घालून नागपुरात आणून एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरली. पलंग मिळाला नाही. सिलिंडर मिळाला, पण तोवर ज्याला लावायचा तो माणूसच उरला नव्हता. आत्या याविषयी कधी बोलत नाही. फक्त आसपास कुणाला धाप लागली की बसल्या जागेवरून उठून उभी राहते, आणि मग आपण का उठलो हे तिलाच सुचत नाही.

तिला मी यंत्रापाशी बसवून सगळं सांगितलं. एकावर म्हणजे एकावर. का, तेही सांगितलं. पाण्यातल्या जिवांचंही सांगितलं. आत्यानं सगळ्यांपेक्षा नीट ऐकलं. "म्हणजे त्याइले हवा भेटली का ते हातातलं काम सोडून देते, अन् वायू तसाच पडून राहते?"

"अगदी बरोबर, आत्या."

"मंग ते जीव आहेत," आत्या म्हणाली. "हा माहा भाऊ आहे."

एवढं स्पष्ट सांगितल्यावरही मी गेले. नाही गेले असते तर बाबांनी मला घरात सुखानं बसू दिलं नसतं, हे खरं, आणि मला जायचं होतं, हेही तितकंच खरं.

जहाजावर एक बरं असतं. तिथं ऑक्सिजन नको म्हटलं की कुणाचं मन दुखावत नाही. लांबलचक दोरावर गोल बांधलेल्या मोठ्या नळकांड्या खाली जातात, ठरलेल्या खोलीवर त्यांची तोंडं बंद होतात आणि ते पाणी वर येतं. मग ते काचेच्या बाटलीत भरायचं. नळी बाटलीच्या तळाशी न्यायची, पाणी काठावरून वाहू द्यायचं, एकही बुडबुडा राहता कामा नये, आणि रबरी बूच लावून वर ॲल्युमिनियमचं झाकण आवळायचं. इतकी दांडगी माणसं, खलाशी, शास्त्रज्ञ, सगळी एका बुडबुड्याला घाबरून श्वास रोखून उभी असतात. मला तिथं फार मोकळं वाटतं.

आम्ही काही बाटल्यांत खूण केलेला नायट्रोजन घालत होतो. खूण अशी की यंत्राला तो ओळखू येतो, जिवांना नाही. त्यामुळे नवा वायू किती झाला आणि होता तो किती खाल्ला गेला, हे वेगळं काढता येतं. सगळ्यात कमी ऑक्सिजनच्या पाण्यात एकूण वायू जवळजवळ तेवढाच राहायचा, एका बाजूनं होत राहायचा आणि दुसऱ्या बाजूनं नाहीसा. मला वाटलं होतं तसंच. त्या आठवड्यात मी इतकी खूश होते की जेवणातल्या फोडणीलाही नावं ठेवली नाहीत. फक्त एका पेटीतल्या बाटल्या बिघडल्या. बुचांतून हवा शिरली होती, खाणारे थांबले होते आणि वायू साचला होता. मी ती पेटी बाजूला काढली आणि बुचं पुरवणाऱ्याच्या नावानं मनसोक्त बोटं मोडली.

जहाजावर आता इंटरनेट असतं, म्हणजे असतं असं म्हणायचं. एका दुपारी ते होतं. आत्याचा व्हिडिओ कॉल आला. आधी बराच वेळ तिचा कान दिसला, मग छताचा पंखा, मग एकदाचे बाबा.

"पाह्य," आत्याचा आवाज आनंदानं फुलला होता, "कसा मस्त झोपून राहिला तुहा बाप. काल सकाळपासून झोपूनच आहे. मधी मधी डोळे उघडते, हसते अन् झोपते. किती वर्षाची झोप राहिली असन त्याची. अन् चेहरा पाह्य, कसा लाल लाल झाला! आंगात हवा गेली का रंगच बदलते माणसाचा."

चेहरा खरंच तांबूस दिसत होता. मी हाक मारली. बाबांनी डोळे अर्धे उघडले आणि हात उचलला. हात मनगटातून खाली पडला, पुन्हा वर आला, पुन्हा पडला, पुन्हा वर.

"पाह्य, पाह्य," आत्या म्हणाली, "तुले टाटा करून राहिला!"

बाबांनी मला जन्मात कधी टाटा केलं नव्हतं. मी हॉस्टेलला निघायचे तेव्हा गाडी हलायच्या आत ते पाठ फिरवून चहाच्या टपरीकडे जायचे. आणि मनगटातून असा फडफडणारा हात कशाचा असतो हे डॉक्टरांनी मला सांगून ठेवलं होतं. अंगात कार्बन डायऑक्साइड साचला की हात असा पडतो. मला भीती वाटली. त्यात शास्त्र वगैरे काही नव्हतं, मी डेकवरच्या दोराच्या गुंडाळीवर बसले.

"आत्या, गोळी कितीवर आहे?"

"आहे ना बरोबर."

"कितीवर, आत्या?"

पंखा पुन्हा दिसला. मग आत्या म्हणाली, "चारवर. तो तोंडानं मांगत नाही म्हणून देऊच नाही का?"

"एकावर आण. आत्ताच. माझ्यासमोर आण."

"मी नाही आणत," आत्या म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम फाटला. "तू तिकडं पाण्यावर बसून माह्या भावाची हवा तोडाले नको सांगू." आणि कॉल तुटला. तिनं तोडला की समुद्रानं, ते मला आजही माहीत नाही.

जहाजाच्या प्रमुखांनी मला उपग्रहाचा फोन दिला. मी डॉक्टरांना लावला. मी हात आणि चेहरा एवढंच सांगितलं, पुढचं ऐकायला ते थांबले नाहीत. "मी गाडी पाठवतो," म्हणाले. आत्याशी वाद घालावा लागला नाही. दवाखान्याची गाडी आली, तिच्यात सिलिंडर होता, आत्या स्वतः पुढे होऊन बाबांना घेऊन बसली. जी गाडी तिच्या नवऱ्याच्या वेळी मिळाली नव्हती ती या वेळी आपणहून दारात आली होती.

जहाज काही वळत नाही. कुणाचे वडील आजारी आहेत म्हणून बोट फिरवतात असं मला वाटत होतं असं नाही, पण मी मनात एकदा तरी फिरवून पाहिली. बाबांच्या तोंडावर मुखवटा लावून यंत्रानं श्वास द्यायला सुरुवात केली आहे असा चुलतभावाचा निरोप आला, आणि त्याखाली, "आत्या होती म्हणून बरं." पुढे नुसतेच हात जोडलेले. मी बाटल्या भरत राहिले. बाबा गेले तर मला ते इथंच, दोरांच्या शेजारी, तुटक निरोपातून कळणार होतं. रोज पाणी वर यायचं, मी नळी तळाशी न्यायचे, बुडबुडा बघायचे. सबंध जहाजावर माझ्याइतक्या निर्दोष बाटल्या कुणी भरल्या नसतील, आणि त्या कशा भरल्या हे मला आठवत नाही.

बाबा वाचले. मी परतले तेव्हा ते घरी आले होते, पुढच्या खोलीतल्या पलंगावर, अर्धे झाले होते. गोळी एकावर होती. आत्या दुसऱ्या दिवशी गावाला निघणार होती, म्हणून भाजी आणायला बाहेर गेली होती. मी बाबांच्या शेजारी बसले आणि आधी रडले. रडून झाल्यावर मला राग आला. राग यायला माझ्याकडे नेहमीच थोडी जागा असते.

"बटण तुमच्या हाताशी होतं, बाबा. तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलं होतं. तुम्ही का नाही खाली आणलं?"

"आणो ना," बाबा म्हणाले. "रोजच... आणत होतो."

"रोज म्हणजे?"

"लोक येत... वाढवत. ते गेले का... मी खाली आणो. तू याच्या आधी."

"आणि चिकटपट्टी?"

"ते तं पहिल्याच... हप्त्यात निघाली. मीच... चिकटवत जावो परत." त्यांना हसू आलं आणि हसण्यानं दम लागला. "तुले बरं... वाटे म्हणून."

म्हणजे माझ्या घरात दिवसभर गोळी दोनावर, तिनावर चढत होती आणि खाली येत होती, पुन्हा चढत होती आणि पुन्हा खाली येत होती. मी संध्याकाळी येऊन तिला एकावर बघायचे आणि माझ्या धाकाचं कौतुक करायचे. आकडा हलत नाही म्हणून तिथं काही घडत नाही, असं माझ्या एखाद्या विद्यार्थ्यानं लिहिलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं.

"मग आत्याच्या वेळी काय झालं?"

बाबांनी नाकातली नळी सारखी केली. "बाई... गेलीच नाही ना. घरातच होती. दिवसभर... माह्यापाशी." मग म्हणाले, "तिच्या डोळ्यासमोर... कसा कमी करू? तिच्या माणसाले... भेटला नाही. मले... देऊन राहिली होती."

हा माणूस बहिणीला नको म्हणता आलं नाही म्हणून मरायला निघाला होता.

"तिले... सांगू नको," ते म्हणाले.

"काय सांगू नको?"

"का तिच्यानं... झालं."

मी हो म्हटलं नाही. मला सांगायचं होतं. त्यात शास्त्र होतं, बाबांची सुरक्षितता होती, आणि खरं सांगायचं तर माझा स्वतःचा कमीपणाही होता. कारण तोवर सगळ्या खानदानात एकच गोष्ट फिरत होती, की मुलगी बापाला टाकून समुद्रावर गेली आणि म्हाताऱ्या बहिणीनं त्याला वाचवलं.

संध्याकाळी मंडळी जमली. चुलतभाऊ चिमटा घेऊन आला होता. ज्या काकूंनी शहाळं परत नेलं होतं त्याही आल्या, माझ्याकडे न बघता. आत्या पलंगाच्या पायाशी बसून सांगत होती.

"दवाखान्यात नेल्याबरोबर डॉक्टरनं का केलं? तोंडावर मशीन बसवली अन् दाबून हवा देल्ली. दाबून! अन् हे म्हणे एकावर ठेवा. एकावर ठेवला असता तं हा राहिला असता का? मी चारवर ठेवला म्हणून तं तग धरला त्यानं दवाखान्यापर्यंत."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. काकूंनीही. "जास्त शिकलं का असंच होते," चुलतभाऊ म्हणाला, आणि या वेळी तो हसला नाही.

माझ्या तोंडात सगळं तयार होतं. मी ते पुष्कळ वर्षं शिकवलं आहे, दोन वाक्यांत सांगता येतं. आत्यानं पदरानं तोंड पुसलं. बोलता बोलता ती मध्येच थांबली आणि तिचा चेहरा एकदम लहान झाला. "त्याइच्या टाइमले मले भेटला नाही," ती म्हणाली. आपल्या नवऱ्याविषयी ती असं चारचौघांत पहिल्यांदाच बोलत होती. "किती फिरली मी. याच्या टाइमले मी कमी पडू देल्ला नाही." मग ती माझ्याकडे वळली. "खरं का नाही वं? तूच सांग. तुले तं त्यातलं समजते."

बाबा माझ्याकडे बघत होते. कळमन्यात शेवटची बोली लागायच्या आधी ते असेच गप्प होत असतील.

"हो आत्या," मी म्हटलं. "तू होती म्हणून."

आत्यानं मान हलवली, डोळे पुसले आणि उठली. उठता उठता तिचा हात बटणावर गेला आणि गोळी दोनावर चढली. मी आत्याचा दंड धरला, "चल, चहा टाकू सगळ्यांसाठी," म्हणून तिला स्वयंपाकघरात नेलं, आणि बाबांचं काम होईपर्यंत तिथंच बोलण्यात गुंतवून ठेवलं.